बोट धरून बांधावर

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



ज्या दालनात शाळकरी वयात मी खाली मान घालून पुस्तके वाचली, त्याच दालनात आज मान वर करून बोलण्याची वेळ आली आहे. याचा आनंद आहे, आणि थोडा संकोचही आहे. मराठीच्या अध्यापकाने अशा प्रसंगी संतवाङ्मयावर किंवा कादंबरीच्या वाटचालीवर बोलावे अशी अपेक्षा असते. मी निवडलेला विषय मात्र 'लहान मुलांचे शेतीशिक्षण, निसर्गशिक्षण आणि आपण पालक' असा आहे. तो कळविला तेव्हा कार्यकारिणीतील एका स्नेह्यांनी हसत विचारले, "सर, हा विषय कृषी खात्याच्या माणसाचा. तुमचा त्याच्याशी काय संबंध?"

संबंध सांगतो. काही वर्षांपूर्वी वर्गात एक ग्रामीण कथा शिकवीत होतो. तिच्यात 'तरवा' हा शब्द आला. लावणीसाठी वाफ्यात वाढविलेली भाताची कोवळी रोपे म्हणजे तरवा. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत हा शब्द काल-परवापर्यंत लेकराच्या तोंडी होता. वर्गात बहुसंख्य मुले शेतकऱ्यांच्या घरची होती. मी अर्थ विचारला, तेव्हा दोन हात वर झाले. पुढे इरले, भांगलण, कुरी, कणगी या शब्दांचीही तीच गत झाली. त्या दिवशी घरी जाताना वाटले, मी शब्द शिकवितो आहे, पण ज्या वस्तूचे ते नाव आहे तिला या मुलांनी हात लावलेला नाही. या ग्रंथालयाच्या कपाटात मोल्सवर्थचा कोश आहे. त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. असल्या कोशात शेतीतले शब्द सुरक्षित राहतात, यात शंका नाही. परंतु शब्द कोशात राहणे आणि शब्द जिभेवर राहणे यांत अंतर आहे. ते अंतर शाळेने पडलेले नाही. ते घरात पडले आहे, आणि पाडणाऱ्यांत मी आहे. म्हणूनच हा विषय माझा आहे.

माझा जन्म शहराच्या कडेला असलेल्या एका गावातला. आमची दोन एकर भातजमीन होती. वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. मी पाच-सहा वर्षांचा असताना भांगलणीच्या दिवसांत आप्पा मला बरोबर नेत आणि एक ओळ माझ्या नावाची करून देत. "ही तुझी," एवढेच म्हणत. त्या ओळीत मी काय उपटतो यावर त्यांचा डोळा असे. पण ते मला शिकवीत आहेत असे मला कधी वाटले नाही. भाताच्या शेतात एक गवत उगवते. ते कोवळे असताना हुबेहूब भातासारखे दिसते. नवख्या माणसाला ते ओळखू येत नाही. आप्पांनी मला त्याची खूण दाखविली. भाताचे पान जेथे देठाला मिठी मारते, तेथे पान थोडे मागे ओढून पाहिले की आत एक लहानशी, पातळ, पांढुरकी जीभ दिसते. त्या गवताला ही जीभ नसते. "जीभ हाय त्ये भात, जीभ न्हाई त्ये गवत." पुढे वनस्पतिशास्त्राच्या एका मित्राकडून कळले की शास्त्रज्ञही हीच खूण मानतात. आप्पा तिसरी शिकलेले होते.

याच आप्पांनी मला शेतापासून दूर केले, हेही सांगितले पाहिजे. ती गोष्ट लपवून शेतीचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणा होईल. मी पाचवीत गेल्यावर त्यांनी माझ्या हातातले खुरपे काढून घेतले. "तू शिक. ह्या चिखलात ऱ्हाऊ नगंस," असे ते म्हणाले. ज्याने पावसाची वाट पाहण्यात आयुष्य घालविले, नाल्याचे पाणी चढून उभे पीक कुजताना पाहिले, आणि सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्यासाठी घरातले भात भाव नसताना विकले, त्या बापाने मुलाला दुसरे काय सांगावे? शेतकऱ्याच्या मुलाची मातीशी झालेली फारकत बहुधा अशी प्रेमापोटी झालेली असते. तिला नावे ठेवण्याचा अधिकार पांढरपेशा माणसाला नाही.

परंतु आप्पांनी मला दूर केले ते कष्टापासून आणि कर्जापासून. मी माझ्या मुलीला दूर केले ते मातीपासूनच. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला.

नोकरी लागल्यावर आम्ही शहरात घर केले. गाव सात-आठ किलोमीटरवर होते, तरी मुलीला शेतात नेण्याचा प्रसंग आला की आमच्या घरात ठरलेली वाक्ये निघत. पाऊस आहे, सर्दी होईल. उद्या चाचणी आहे. पायाला काहीतरी चावेल. पुढच्या रविवारी पाहू. तिला 'परिसर अध्ययना'त मात्र नेहमी उत्तम गुण असत. भाताच्या रोपाचे चित्र तिने इतके सुरेख काढले होते की ते शाळेच्या भिंतीवर लागले होते. 2009 च्या पावसाळ्यात, ती तेरा वर्षांची असताना, एकदा आम्ही गावी गेलो. ती मोठ्या हौसेने आजोबांबरोबर भांगलणीला उतरली. अर्ध्या तासाने आप्पांनी मला हाक मारली. पोरीने एक अख्खी ओळ स्वच्छ केली होती. गवत जागच्या जागी होते आणि भात उपटून बांधावर व्यवस्थित रचून ठेवले होते.

मी तिच्यावर रागावलो. ती रडवेली झाली. आप्पा शांतपणे म्हणाले, "पोरीचं काय चुकलं? तिला कुणी दावलंच न्हाई."

हे वाक्य त्यांनी तिच्याकडे पाहून म्हटले. रोख माझ्याकडे होता. 2014 मध्ये आप्पा गेले. पुढे वाटण्या झाल्या, जमिनीचा काही भाग विकला गेला, तेथे आता घरे उभी आहेत. राहिलेला तुकडा माझे चुलत भाऊ कसतात. पण ते वाक्य माझ्या वाटणीला आले आहे, आणि आजचे हे भाषण म्हणजे त्या वाक्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

सभ्यहो, आपल्याकडे निसर्गशिक्षणाचा विचार झालेला नाही असे मुळीच नाही. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्याबरोबर काम करीत होत्या. एक गुजराती भाषक आणि एक मराठी भाषक यांनी खांद्याला खांदा लावून उभे केलेले ते कार्य, आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांनी तरी आवर्जून आठवावे असे आहे. त्या दोघांना एक गोष्ट लवकर कळली होती. मूल शाळेत घालविते ते थोडे तास. बाकीचा दिवस ते घरात असते. म्हणून त्यांनी शिक्षकांइतकेच पालकांसाठी लेखन केले. आईबाप होणे सोपे नाही, या अर्थाचे शीर्षक देऊन गिजुभाईंनी एक पुस्तकच लिहिले.

1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तेथली. पुढे 1975 मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. काही मुले अंगणातही सापडेनात, कारण ती गुरे घेऊन रानात जात. तेव्हा शाळा कुरणावर गेली आणि तिला 'कुरणशाळा' म्हटले गेले. या उदाहरणातून मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, गुरे राखणाऱ्या मुलाला रान आधीच पाठ असते. त्याला अक्षर हवे असते. आपल्या मुलांची स्थिती नेमकी उलटी आहे. त्यांच्याजवळ अक्षर आहे, रान नाही. दुसरी गोष्ट अशी की, शिकविणाऱ्याने मुलाकडे चालत जायचे असते. कोसबाडला शाळा कुरणापर्यंत चालत गेली. आपल्याला मुलाचे बोट धरून बांधापर्यंतसुद्धा चालवत नाही.

कायद्याने आणि धोरणाने आपले काम केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचा आदेश दिला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना काढण्याची कल्पना आहे. या गोष्टी स्वागतार्हच आहेत. पण दहा दिवसांत पीक येत नाही. भात पेरणीपासून कापणीपर्यंत चार-पाच महिने घेते, आणि ते शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे वाढत नाही. रविवारीही वाढते, रात्रीही वाढते. जे रोज थोडे थोडे बदलते ते पाहण्यासाठी रोजचे माणूस बरोबर लागते. मुलाचे रोजचे माणूस म्हणजे त्याचे आईवडील.

येथे एका परदेशी लेखिकेची आठवण होते. रेचेल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे 1962 चे पुस्तक कीटकनाशकांच्या धोक्यासंबंधी जगभर गाजले. त्याआधी, 1956 मध्ये, त्यांनी आपल्या नात्यातल्या एका लहान मुलाबरोबर समुद्रकिनारी आणि रानात घालविलेल्या दिवसांवर एक लेख लिहिला होता. त्यांच्या निधनानंतर, 1965 मध्ये, तो पुस्तकरूपाने आला. मुलाचे कुतूहल टिकायचे असेल तर त्याला निदान एक तरी मोठे माणूस सोबतीला हवे, आणि त्या माणसाला सगळे ठाऊक असण्याची गरज नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. नावे ठाऊक असण्यापेक्षा जाणीव जागी असणे त्या अधिक महत्त्वाचे मानतात.

मी त्यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. भाषेचा अध्यापक म्हणून त्यात एक पुरवणी मात्र जोडावीशी वाटते. आपल्याकडे नावातच जाणीव साठविलेली आहे. सात जूनच्या सुमारास मृग निघतो. पुनर्वसूचा पाऊस 'तरणा' आणि पुष्याचा पाऊस 'म्हातारा'. पावसाला वय देणारी ही भाषा शेतकऱ्याने घडविली. आम्हा प्राध्यापकांनी नव्हे. पावसाआधी ओरडणाऱ्या पक्ष्याला त्याने 'पावशा' म्हटले आणि त्याच्या ओरडण्यात 'पेरते व्हा' हे शब्द ऐकले. हे शब्द ज्याने ऐकले आहेत, त्याला पावसाळ्यात नुसते पाणी दिसत नाही. मात्र हे शब्द भिजत ऐकले पाहिजेत, तक्त्यावर वाचून भागत नाही.

आपल्या सीमाभागात हे वैभव दुहेरी आहे. आपण कुरी म्हणतो, शेजारचा कन्नड शेतकरी कूरिगे म्हणतो. पेरणी दोघांची एकाच रानात होते. ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुण्णिमे आणि आपला कर्नाटकी बेंदूर. पुढच्या अमावास्येला मातीच्या बैलांची 'मण्णेत्तिन अमावास्या'. ज्या मुलाने ओल्या मातीतून बैलाचे वशिंड उभे केले आहे, त्याला माती कधी चिकटते आणि कधी तडकते हे सांगावे लागत नाही. आज बाजारात साच्यातले रंगीत बैल मिळतात. आपण मुलाला घेऊन जातो, दोन बैल विकत आणतो, पूजा करतो. सण साजरा होतो, शिक्षण तेवढे राहून जाते.

नवरात्रातल्या घटाचेही तसेच. शेतातली माती आणायची, पत्रावळीवर पसरायची, तिच्यात धान्य पेरायचे आणि नऊ दिवस पाणी शिंपडायचे. कोणते बी आधी वर येते, अंकुर उजेडाकडे कसे झुकतात, पाणी जास्त झाले तर काय होते, हे सारे देवघराच्या कोपऱ्यात मुलाच्या डोळ्यांसमोर घडते. घरातले बियाणे कसे आहे तेही त्यातून कळते. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मोहरी नाही तर नाचणी पेरत असू. चार दिवसांत किल्ल्याला हिरवे रान येई. आपल्या पूर्वजांनी मुलांसाठी वेगळी प्रयोगशाळा बांधली नाही, कारण घरातच ती वर्षभर चालू होती. तिचे प्रयोगशिक्षक आईबाप होते. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये फुलांचा प्रसंग आहे. फूल झाडावर उमलू द्यावे, कळीच खुडू नये, एवढी साधी गोष्ट आई मुलाला सांगते. ती गोष्ट श्यामला जन्मभर पुरली, कारण ती आईने त्या क्षणी, त्या फुलांसाठी सांगितली.

आता कोणी म्हणेल, आम्ही सदनिकेत राहतो, आमच्याकडे शेत नाही, बांध नाही. आम्ही काय करावे? हा प्रश्न रास्त आहे. मी स्वतः ज्या गोष्टी करून पाहिल्या त्याच सांगतो.

पहिली गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून ओंजळभर बियाण्याचे भात आणावे. लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम मीठ विरघळवावे आणि त्यात ते भात सोडावे. पोकळ दाणे तरंगतात, भरीव दाणे तळाशी बसतात. तरंगणारे काढून टाकावेत, तळचे दाणे साध्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवावेत. शेतकरी बियाणे निवडताना हेच करतो, फक्त मोठ्या प्रमाणावर. मग त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि ते ओलसर ठेवावे. आठवडाभराने किती रुजले ते मुलाला मोजू द्यावे. प्रमाणित भातबियाण्यात शंभरातले किमान ऐंशी दाणे रुजले पाहिजेत असा दंडक आहे. मुलाला शेकडेवारी येथे कळते, आणि बियाणे फसवे निघाले तर शेतकऱ्याचे काय होत असेल हेही येथेच कळते.

दुसरी गोष्ट गच्चीतली. एका जुन्या बादलीत माती घालून मृगात भात पेरावे आणि दिवाळीच्या सुमारास लोंब्या काढाव्यात. ते दाणे हाताने चोळून, सुपात पाखडून, तांदूळ वेगळा करावा. गिरणीतसुद्धा शंभर किलो भातातून तांदूळ साधारण पासष्ट किलोच निघतो. उरलेला तूस आणि कोंडा असतो. बादलीतले पीक मूठभर भरेल. आमच्या घरी त्या मुठीचा भात शिजला तेव्हा चार माणसांच्या वाट्याला दोन-दोन घास आले, आणि त्या दिवशी कोणाच्याही ताटात शीत उरले नाही. उष्टे टाकू नये म्हणून मी आजवर दिलेली सारी व्याख्याने त्यापुढे फिकी पडली.

तिसरी गोष्ट, शेतकऱ्याच्या रानात जावे, पण सहलीला गेल्यासारखे जाऊ नये. तेथे तो घाम गाळतो आहे आणि आपले मूल छायाचित्र काढून घेण्यासाठी रोपांत उभे आहे, हे दृश्य बरे नव्हे. आधी विचारून जावे, सांगेल तेवढेच काम करावे, आणि निघताना मुलाने त्याला नमस्कार करावा. मुलाकडून काम करवून घेणे आणि मुलाला कामात सामील करून घेणे यांतला फरकही विसरू नये. पोटासाठी राबणारे मूल वेगळे. त्याचे राबणे थांबलेच पाहिजे. आप्पांनी मला एक ओळ दिली होती, शेत दिले नव्हते.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे, निदान माझ्यासारख्या प्राध्यापकाला. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसले, तर 'मला माहीत नाही' असे म्हणता आले पाहिजे.

याचा अनुभव मला मागच्या उन्हाळ्याच्या अखेरीस आला. मुलगी आणि जावई सुट्टीला आले होते. पाच वर्षांच्या नातीला घेऊन आम्ही सगळे गावी गेलो. चुलत भावाची धूळवाफ पेरणी चालू होती. आकाश निरभ्र, माती कोरडी ठाक, कुरीमागे धूळ उडत होती. नातीने विचारले, "आजोबा, पाऊस नाही आला तर बी कशाला पेरतात?" मी शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी दरवर्षी ही पेरणी पाहिलेली. पण तिचे कारण मी कधी विचारलेच नव्हते. तोंडात आलेले एक गुळगुळीत उत्तर मी मागे घेतले आणि म्हणालो, "मला माहीत नाही. चल, दादांना विचारू."

चुलत भावाने कुरी थांबविली आणि तिच्यासमोर उकिडवा बसून त्याने सांगितले, "बाळ, बी कोरड्या मातीत वाट बघत बसतंय. पयला पाऊस पडला की लगेच उठतंय. मग मोठा पाऊस येऊन रानात पाणी साठतंय, तवर त्येनं मूळ धरल्यालं असतंय. पावसानंतर पेरायला गेलो तर चिखलात कुरी चालंना आणि रोप पाण्यात बुडालं." उशीर झाला तर तरवा टाकून लावण करावी लागते, आणि लावणीला माणसे आता मिळत नाहीत, हेही तो म्हणाला. मी खिशातून वही काढली आणि ते टिपून घेतले. नात माझ्याकडे पाहत होती. आजोबांनाही शिकावे लागते, हे तिने त्या दिवशी पाहिले. मला वाटते, पालकाने मुलाला द्यावयाचा तो एक मोठा पाठ आहे.

जुलैच्या अखेरीस आम्ही पुन्हा गेलो. भांगलण चालू होती. मी नातीला आप्पांची खूण दाखविली. तिच्या बोटांना ते पान नीट ओढता येईना. दोन-तीन पाने फाटली. मग एकात तिला ती पांढुरकी जीभ दिसली. तिने आईला हाक मारली. माझी मुलगी, जिने तेराव्या वर्षी भाताची ओळ उपटली होती, बांधावर उभी होती. चपला काढून ती चिखलात उतरली. नातीने तिला पान मागे ओढून दाखविले आणि म्हणाली, "आई, जीभ आहे ते भात." मुलगी बराच वेळ वाकून पाहत होती. मग माझ्याकडे न बघता तिने विचारले, "बाबा, हे तुम्ही मला का नाही दाखवलंत?"

माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आज आपल्यासमोर ते दिले आहे. मी दाखविले नाही, कारण मला वाटले की शाळा दाखवील, पुस्तक दाखवील, किंवा आप्पा आहेतच. आजोबा आहेत म्हणून बापाने निश्चिंत राहू नये. आजोबांचे दिवस मोजके असतात, आणि दोन पिढ्यांमधला दुवा निखळला की तो जुळवायला तिसरी पिढी यावी लागते. ती नेहमी येतेच असे नाही. शहापूर, अनगोळ, वडगावच्या बाजूला भातशेती मागे सरते आहे आणि घरे पुढे येत आहेत. बेळगावचा बासमती म्हणून नावाजलेल्या सुवासिक भाताचा वास आपल्यापैकी अनेकांनी घरात शिजताना घेतला असेल. आपल्या मुलांपैकी कितीजणांनी तो शेतात उभा असताना घेतला आहे, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. घरे बांधू नका असे मी म्हणत नाही. मीही अशाच एका घरात राहतो. जे उरले आहे ते मुलाला निदान दाखवून ठेवा, एवढेच म्हणतो. जे मुलाच्या ओळखीचे नाही, त्याच्यासाठी ते मोठेपणी कधी हळहळणार नाही.

या ग्रंथालयालाही एक विनंती करून थांबतो. शंभर वर्षे आपण छापलेले शब्द सांभाळले. आता न छापलेले शब्द सांभाळण्यासाठी एक वही ठेवावी. सभासदांपैकी ज्या पालकांना शक्य असेल, त्यांनी मुलांबरोबर एखादे रोप, एखादे अवजार, एखादा पाऊस पाहून यावा आणि त्याचे गावाकडचे नाव, तारीख आणि मुलाने काढलेले चित्र त्या वहीत उतरवावे. कन्नड नावही शेजारी लिहावे. चित्र वेडेवाकडे असले तरी चालेल. एकच अट असावी: वस्तू मुलाने स्वतः हाताळलेली असावी, आणि त्या वेळी आई किंवा वडील शेजारी असावेत. पहिल्या पानासाठी माझ्या नातीने भाताच्या पानाचे चित्र काढून दिले आहे. त्यातली जीभ पानापेक्षा मोठी झाली आहे, पण ती आहे. ते चित्र मी आज ग्रंथपालांच्या स्वाधीन करतो.